शेवटच्या खांबापर्यंत

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या त्या डोंगरावर मोबाइल चालत नाही याचा मला आजवर राग यायचा. आता नाही येत. घसा बसलाय म्हणून डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. सगळी नोकरी बसस्थानकाच्या माइकसमोर काढलेल्या बाईला ‘गप्प बसा’ म्हणणं म्हणजे काय, ते तूच समजून घे. तेव्हा आता पत्रच बरं.

काम असं आहे की तुझ्या बाबांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना, पाटीएवढा, माझ्या माथी मारला. चालू केला की तो बराच वेळ विचार करतो आणि मग सांगतो, जागा नाही. अरे बाबा, मी अजून काही ठेवलंच नाही तुझ्यात! दुकानदार म्हणाला, याची साठवण आत पक्की चिकटवलेली असते, वाढवता येत नाही, भंगारात देऊन टाका. पण त्याच्याच दुकानातला दुरुस्तीवाला म्हणाला की मेमरी कार्डावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, घातलं तर हा चालेल. कुठलं कार्ड, म्हणून विचारलं, तर त्याने काचेखालचा अख्खा ट्रे माझ्यासमोर ठेवला. नखाएवढी कार्डं आणि त्यांच्यावर मुंगीला वाचता येतील अशी अक्षरं. कुठे यू, कुठे व्ही, कुठे ए, कुठे गोलात दहा. मी म्हटलं, हे विकायला ठेवलंय की डोळे तपासायला? आणि हात हलवत घरी आले.

एवढा आटापिटा कशाला, असं विचारशील. उगाच, वेळ घालवायला. काहीबाही लिहीन, काहीबाही ऐकीन. तू फक्त सांग, कुठलं घेऊ?

तुझी आत्या


२३ जानेवारी

प्रिय आत्या,

जीप आठवड्यातून एकदाच वर येते, म्हणून उत्तराला उशीर. तीही डिझेलचीच लागते. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते ना, तेवढीसुद्धा आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या कानाला टोचते. इथे सगळे कॉम्प्युटर लोखंडी भिंतींच्या खोलीत कोंडलेले असतात आणि मीही दिवसभर त्यांच्याबरोबर कोंडलेली. आभाळातून जे ऐकू येतं त्यातलं खरं कुठलं आणि गोंगाट कुठला हे निवडत बसते. तांदूळ निवडतात तसंच, फक्त खडेच जास्त.

आता कार्ड. यू, व्ही आणि तो गोलातला दहा विसर. ती सिनेमा उतरवणाऱ्यांची भानगड, त्यांना एका दमात धो-धो लिहायचं असतं. लिनक्स चालताना कार्डाला वेगळंच काम पडतं. इथून चिमूटभर वाच, तिथे चिमूटभर लिही, परत इकडे ये. तुझ्या भाषेत सांगायचं तर लांब पल्ल्याची एक गाडी सोडणं वेगळं आणि ऐन गर्दीत चौकशीच्या खिडकीवर बसणं वेगळं. आपल्याला खिडकीवर बसणारं कार्ड हवंय. त्याची खूण म्हणजे ‘ए’ हे अक्षर आणि त्याला चिकटून एक किंवा दोन हा आकडा. चौसष्ट जीबी पुष्कळ झाले. अवाढव्य जागेचं आणि मातीमोल भावाचं दिसलं तर हातसुद्धा लावू नकोस. खोटं कार्ड फार गोड बोलतं. जागा आहे, जागा आहे म्हणत राहतं आणि पोट भरलं की पुढचं सगळं गुपचूप फेकून देतं. म्हणून नवं कार्ड आधी शेवटपर्यंत भरायचं आणि मग ते टोक परत वाचून बघायचं. तोवर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

दोन घे. एक चालवायला, एक जपायला. चालवायचं मला पाठव, मी त्यात लिनक्स घालून परत पाठवते. मी रोज हेच काम करते, तरी अजून मला याचं नवल वाटतं, आत्या. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या हजारो माणसांनी हे लिहिलंय आणि घ्या म्हणून उघडं ठेवलंय. ते सगळं एका टपालाच्या तिकिटाखाली झाकलं जाईल एवढ्या तुकड्यात बसतं.

बाकी, एवढ्या वर्षांत तुला वेळ घालवावा लागल्याचं मी पाहिलेलं नाही. घसा कसा आहे?

भिंगरी


१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट आलं. उघडलं तर आत कार्ड दिसेना, मग तुझ्या पत्राच्या घडीतून टपकन टेबलावर पडलं. मी श्वास रोखून ते लॅपटॉपच्या कुशीतल्या फटीत सरकवलं, तू सांगितलेली कळ दाबून धरली आणि चालू केला. पडदा काळा झाला. मी मनात म्हटलं, संपलं, भावाचं दान गेलं. काळ्यावर पांढऱ्या ओळी भरभर धावायला लागल्या आणि मग एकदम निळं, स्वच्छ, रिकामं असं काहीतरी उघडलं. घर बदलल्यावर पहिल्या दिवशी खोली दिसते ना, तसं. ‘जागा नाही’ म्हणणारा तो रडका लॅपटॉप हाच, यावर माझा विश्वास बसेना.

आणि सगळं मराठीत! ‘उघडा’, ‘शोधा’, ‘जतन करा’. ‘जतन करा’ हे शब्द कुणी लिहिले असतील गं? कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी दिव्याखाली बसून कुणीतरी विचार केला असेल की इथे कुठला शब्द शोभेल. मी जन्मभर न पाहिलेल्या प्रवाशांशी बोलत आले. माझ्याशी असं कुणी न पाहता बोललेलं हे पहिलंच. मी बराच वेळ तेवढे दोन शब्द बघत बसले.

आता खरं सांगते. वेळ घालवायला हवा होता हे खोटं. माझ्या स्वरयंत्रात गाठ आहे आणि ती वाईट आहे. मार्चमध्ये ऑपरेशन आहे, पूर्ण स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात, पण त्यानंतर मला बोलता येणार नाही. पुढेमागे गळ्याला यंत्र लावून बोलता येतं म्हणे, पण तो आवाज माझा नसेल. तुझ्या बाबांना सांगितलं तर ते फोनवरच रडायला लागले आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागली, तीही बसलेल्या घशाने. म्हणून तुला लिहून कळवतेय.

माझा बेत असा आहे. आवाज आहे तोवर मला रोज लागणारी वाक्यं या लॅपटॉपवर भरून ठेवायची. नंतर कळ दाबली की मी बोलले पाहिजे. मी, दुसरं कुणी नाही. मला मरणाची फारशी भीती वाटत नाही. पण आवाज नसलेली मी कोण असेन, हे काही केल्या माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. होईल का हे, सांग. आणि रडू नकोस, पत्र भिजतं.

आत्या


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

रडले. पत्र दूर धरून रडले.

होईल. लिनक्सवर मराठी वाचून दाखवणारा एक आवाज तयार मिळतो, पण तो पत्र्याच्या पिंपात बसलेल्या माणसाचा वाटतो, तुला तो चालायचा नाही. तुझीच वाक्यं हवीत. तू वाचून भर, मी ती एकेक कापून त्यांच्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिते. पहिली दोन अक्षरं दाबलीस की पडद्यावर वाक्यं येतील, त्यातलं निवडलंस की तू बोलशील.

हे सगळं त्या दुसऱ्या, जपायच्या कार्डावर भर. कार्ड वाचणाऱ्या छोट्या यूएसबी डबीत घालून लॅपटॉपच्या बाजूला खुपस. आणि आत्या, ते शेवटपर्यंत भरून पाहायचं काम आता टाळू नकोस. सिनेमा गेला तर परत उतरवता येतो. हे परत भरता येणार नाही. त्यासाठी एक आज्ञा सोबत लिहिली आहे, जशीच्या तशी टाइप कर.

मी तिथे असायला हवी होते. पण पुढचा महिनाभर इथे आम्ही दोघीच आहोत आणि दुर्बीण सोडून निघता येत नाही. बाबा तुझ्याजवळ येतील.

भिंगरी


१४ मार्च

प्रिय भिंगरी,

तीनशे वाक्यं झाली. तुझी आई शेजारी बसून वाक्यं सुचवत होती आणि तुझे बाबा दारात उभे राहून कुणाला आत येऊ देत नव्हते. एका आयुष्यात माणसाला काय काय म्हणावं लागतं, याचा हिशेब करायला बसलं की गंमत वाटते. पाणी हवं, नको, खिडकी लावा, किती वाजले, माझा चष्मा कुठे आहे. मला वाटलं होतं हजार तरी लागतील. तीनशेतच मी संपले.

तुझी ती आज्ञा मात्र मला जमली नाही. दर वेळी लॅपटॉप म्हणायचा, असं काही नसतं. मग मी माझ्या पद्धतीने केलं. स्थानकात पहाटेच्या पहिल्या घोषणेआधी मी झाडूवाल्या काकूंना शेवटच्या खांबापाशी उभं करायची. माइकवर विचारायची, ‘ऐकू येतंय?’ त्यांनी झाडू वर केला की मगच दिवस सुरू. जवळच्या माणसाला ऐकू जाण्यात काय मोठेपणा? शेवटच्या खांबापर्यंत पोचला तो आवाज. तसंच इथे. वाक्यं संपल्यावर मी रेकॉर्डर बंदच केला नाही. वायर लावून लॅपटॉप स्वयंपाकघरात ठेवून दिला आणि आपली कामं करत राहिले. तीनचार दिवसांनी जागा संपली असं सांगून तो आपणहून थांबला. खोटं कार्ड असेल तर शेवटचं ऐकू येणार नाही, बरोबर ना?

कार्ड सोबत पाठवतेय. आता तू माझ्या शेवटच्या खांबापाशी उभी राहा. ऐकू आलं तर तीनशे वाक्यांपुढचं सगळं पुसून टाक, ती नुसती भर आहे. भांडी, खोकला आणि वरच्या मजल्यावरची शिंपीण.

ती आणि तिचे न पिळलेले कपडे! माझ्या दोरीवर वाळत आलेले माझे कपडे हिच्या पाण्याने रोज परत ओले. इतकी वर्षं भांडतेय, पण बाई ऐकायला तयार नाही.

सोमवारी ऑपरेशन. माझी तयारी झाली आहे.

आत्या


३० मार्च

प्रिय आत्या,

दरड कोसळून रस्ता बंद होता, त्यामुळे कार्ड काल मिळालं. ऑपरेशन नीट झाल्याचं बाबांनी ऑफिसच्या फोनवर सांगितलं. कार्डाचं काम सुरू केलंय. तू बरी हो, बाकी सगळं नंतर.

भिंगरी


११ एप्रिल

प्रिय भिंगरी,

घरी आले. आता मानेतल्या भोकातून श्वास घेते. आरशात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरले, आता नाही घाबरत. जेवायला हळूहळू जमतंय.

बोलायला पाटी आहे. मी पाटीवर लिहिते आणि लोक मला मोठ्याने उत्तर देतात, जणू माझे कान गेलेत. मला हसता येत नाही याचं वाईट वाटतं, कारण हसण्यासारखं पुष्कळ घडतं.

पण खरं दुखतंय ते वेगळंच. वरची शिंपीण माझ्याशी भांडेनाशी झाली आहे. रोज वाटीत काहीतरी पातळ करून आणते, दारातून हळू आवाजात ‘बरं आहे ना?’ विचारते आणि पायांचा आवाज न करता वर जाते. कपडे तर इतके घट्ट पिळते की माझ्या दोरीवर थेंब पडत नाही. परवा तिचा पडदा थोडा गळत होता. मी आनंदाने धावत जाऊन पाटीवर लिहिलं, पाणी टपकतंय. तिने ते वाचलं आणि हात जोडून माफी मागितली! मी दार लावून घेतलं. मी अजून जिवंत आहे, भिंगरी, पण हिने मला मनातून निरोप दिलाय. हे पाटीवर कसं लिहू?

तुझं मागचं पत्र फार छोटं होतं. काहीतरी बिघडलंय. लपवू नकोस, मी आता ओरडू शकत नाही.

आत्या


२४ एप्रिल

प्रिय आत्या,

बिघडलं होतं. आता सगळं सांगते.

तीनशे वाक्यं मी पहिल्याच दिवशी ऐकली. सगळी होती, एकही शब्द अडखळलेला नाही. पण माइक दिसला आणि तू स्थानकात जाऊन बसलीस. ‘मला, पाणी, हवे आहे.’ ‘कृपया, खिडकी, बंद करावी.’ मला वाटलं, पाणी फलाट क्रमांक चारवरून सुटणार आहे! आधी हसले आणि मग सगळी परत पहिल्यापासून ऐकली. तो आवाज हजारो प्रवाशांच्या ओळखीचा आहे, पण घरातल्या एकाही माणसाच्या ओळखीचा नाही. आणि तोवर तुझं ऑपरेशन होऊन गेलं होतं. हे तुला दवाखान्यात कोणत्या तोंडाने कळवणार होते? म्हणून दोन ओळी लिहून गप्प बसले.

कार्डाची परीक्षा तेवढी राहिली होती. पुसण्याआधी टोक ऐकायचं म्हणून थेट शेवटच्या तासावर गेले. लोखंडी खोली, दार बंद, कानाला हेडफोन. थोडा वेळ नुसता नळाचा आवाज. आणि मग एकदम माझ्या कानात तू ओरडलीस, ‘अगं ए वरच्या मजल्यावरच्या महाराणी, पिळायला हात दुखतात का तुझे?’

मी खुर्चीतून उठून उभीच राहिले, आत्या. इथे माझ्या कानांवर इतक्या दुरून निघालेल्या लहरी येतात की त्या पाठवणारा तारा आज असेल की नसेल हेही सांगता येत नाही. त्याचं मला रोज नवल वाटतं आणि रोज थोडी सवयही होते. पण त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तसा आभाळाने कधी आणला नव्हता. तू नखाएवढ्या तुकड्याच्या अगदी टोकाला उभी होतीस, कमरेवर हात ठेवून. घोगरी, चिडलेली, अख्खीच्या अख्खी.

मग मी ती सगळी भर पहिल्यापासून ऐकायला घेतली. माझी सोबतीण म्हणाली, गोंगाट निवडायचंच तर आपलं काम, आण इकडे. आम्ही दोघींनी ड्यूटी संपली की तेच केलं. तुझं काय काय सापडलं सांगू? चहा उतू गेल्यावर गॅसला घातलेल्या शिव्या. ‘चष्मा कुठे मेला माझा?’ ‘हो हो, आले, दार काय तोडतोस!’ चुकीच्या फोनवाल्याला त्याचा खरा नंबर शोधून देणं. आईच्या विनोदावरचं हसणं, तीन प्रकारचं. बाबांना ‘जेवलास का रे नीट?’ असं पाच वेळा. डॉक्टरांनी सांगितलेलं मौन तू किती पाळलंस ते आता आम्हाला चांगलंच कळलंय.

एक तुकडा मी कापलेला नाही आणि कुठल्याही कळीला लावलेला नाही. सगळीकडे शांत असताना तू स्वतःलाच म्हणालीस, ‘घाबरू नकोस गं बाई.’ तो होता तिथेच ठेवलाय. तुला हवा असेल तर मूळ कार्ड पाठवते, तू शोध.

प्रोग्रॅमसह नवं कार्ड सोबत आहे. तुझ्या तीनशे वाक्यांतली ‘कृपया लक्ष द्या’ तेवढं घेतलं, ते तुझ्याशिवाय कुणाला शोभत नाही. मूळ कार्ड इथे लोखंडी कपाटात जपून ठेवलंय आणि त्याच्या दोन प्रती केल्यात.

शेवटच्या खांबापाशी ऐकू येतंय, आत्या. झाडू वर.

भिंगरी


९ मे

प्रिय भिंगरी,

कार्ड घालून पहिलं वाक्य वाजवलं आणि मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मी स्वतःला अशी कधी ऐकलीच नव्हती. स्थानकात ऐकायची ती दुसरी बाई, तिचे कपडे इस्त्रीचे. ही माझ्या स्वयंपाकघरातली. इतकी वर्षं ही माझ्या घरात राहत होती आणि मला तिचा आवाज माहीत नव्हता! दिवसभर एकेक कळ दाबून मी तिच्याशी ओळख करून घेतली. तुझे बाबा आले तेव्हा ‘जेवलास का रे नीट?’ दाबलं. ते ‘हो’ म्हणून चपला काढायला लागले आणि एक चप्पल हातात घेऊन तसेच भिंतीला टेकले.

मग मी हिंमत केली. काल सकाळी शिंपीण वर कपडे वाळत घालत होती, घट्ट पिळून, बिनआवाज. मी लॅपटॉप खिडकीत नेला, आवाज पुरा वाढवला आणि महाराणीची कळ दाबली.

वरून लगेच उत्तर आलं, ‘पिळते की! तुझ्या चिंध्यांना चार थेंब लागले तर काय विरघळणार आहेत का?’

आणि मग जिन्यात धाडधाड पावलं वाजली. ती दारात येऊन उभी राहिली, हातात ओला टॉवेल, आणि आधी माझ्याकडे, मग लॅपटॉपकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिली. मी पाटी घेतली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आवाज जरा कमी कर, अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं.’ मी ‘कृपया लक्ष द्या’ दाबलं. ती काय हसली म्हणून सांगू. हसत हसतच तरातरा वर निघून गेली.

‘घाबरू नकोस’ मी शोधणार नाही. ते तुझ्याकडेच राहू दे. लागेल तेव्हा तू ऐक.

हे लिहिता लिहिता पत्राच्या कोपऱ्यावर डाग पडलाय, तो रडल्याचा नाही. आज पहाटेपासून शिंपिणीचे सगळे कपडे वर टांगलेत, चादरीसकट, आणि एकही पिळलेला नाही. माझी दोरी, खिडकी, कागद, सगळं ओलं झालंय. मी लॅपटॉप कोरड्या जागी ओढून घेतलाय. पत्र इथेच थांबवते, मला तिला उत्तर द्यायचंय.

तुझी आत्या